घासण्याआधी विचारा, हा डिंक कोणता?

गेल्या वर्षी पावसाळ्याआधी मिरजेच्या घराची डागडुजी काढली. कौलं शाकारून झाली, मोरीला नवी फरशी बसली, भिंतींना रंग लागला. अडलं ते आजोबांच्या कपाटापाशी. सागवानी, दोन दारांचं, भिंतीत बसवलेलं कपाट. १९८६ साली फुफीच्या लग्नात घर नवं दिसावं म्हणून त्याच्या दारांवर बाहेरून क्रीम रंगाचा सनमायका चिकटवला होता. आता त्याचे कोपरे उचकटले होते. ओढला की हातभर तुकडा सुटून यायचा आणि मागे राहायचा तपकिरी, खरखरीत, जाळीजाळीचा चिकटा. आतल्या बाजूला त्याहून मोठा पसारा. तळाशी वर्तमानपत्राचा कागद, त्यावर कॅलेंडरची पानं, त्यावर सेलोटेपच्या पट्ट्या आणि सगळ्यांत वर आम्हा भावंडांनी च्युइंगमच्या पाकिटांतून जमवलेले क्रिकेटपटूंचे स्टिकर.

सुतारकाम करणारा पोरगा आला. दारावर नखानं ओरखडून बघितलं आणि म्हणाला, "ताई, मशीन मारतो. दोन तासांत कोरं लाकूड काढून देतो, आतून-बाहेरून." मशीन म्हणजे सँडर. मी हो म्हणणारच होते. पॉलिशचं काम बघायला आलेले चाचा तेव्हा ओट्यावर चहा पीत बसले होते. ते उठले, बशीतल्या पाण्यात बोट बुडवलं आणि आतल्या कागदाच्या सुटलेल्या कडेखाली फिरवलं. मिनिटभर थांबले. मग दोन बोटं एकमेकांवर घासून मला दाखवली. बोटांवर पांढरट लगदा होता. "खळ आहे ही. पाण्यानं निघेल. आतून मशीन लावू नका."

त्या दोन तासांच्या मशीनवर माझा आक्षेप आहे. मशीन वाईट म्हणून नव्हे. लाकडावर काय चिकटलंय आणि खाली काय आहे, हा प्रश्न विचारायची गरजच मशीन संपवून टाकतं, म्हणून. जुन्या लाकडावरचा चिकटा काढणं हे मुळात ओळखण्याचं काम आहे. आपण त्याला घासण्याचं काम समजून बसलोय.

आपण सगळ्यालाच चिकटा म्हणतो, पण प्रत्येकाची जात वेगळी. पीठ शिजवून केलेली खळ घराघरांत असायची. वह्या-पुस्तकांना, पतंगांना, कपाटात लावायच्या कागदाला तीच वापरत. ती पिष्टाची, त्यामुळे कितीही जुनी झाली तरी पाणी प्यायली की फुगते. ओलं फडकं पिळून वीसेक मिनिटं ठेवायचं, घाई करायची नाही, मग कागद सायीसारखा उचलला जातो. एक सावधगिरी मात्र हवी. कसर लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालायची पद्धत होती, आणि मोरचूद विषारी. हातमोजे घालावेत आणि तो लगदा लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये.

दुसरा सरस. जनावरांची कातडी, हाडं उकळून केलेला. सुतार तो डब्यात गरम करून वापरत आणि जुन्या फर्निचरचे सांधे त्यानंच जोडलेले असत. गरम पाणी आणि वाफ लागली की सरस सुटतो. हा त्याचा गुण, कारण मोडलेली खुर्ची लाकूड न तोडता उकलता येते आणि पुन्हा जोडता येते. पण म्हणूनच जुन्या कपाटावर बादलीभर पाणी ओतायचं नसतं. वरचा कागद सोडवताना सांधाही सुटायला लागला, तर चिकटा गेला आणि कपाटही गेलं.

तिसरा पांढरा डिंक. फेविकॉल १९५९ साली बाजारात आलं. ते आणणारे बलवंत पारेख एकेकाळी मुंबईत लाकडाच्या व्यापाऱ्याकडे शिपाई होते. सरस रोज तापवणं, त्याचा वास सोसणं, हा सुतारांचा त्रास त्यांनी जवळून पाहिला असणार. तयार, थंड, बिनवासाचा डिंक सुतारांनी उचलून धरला यात नवल नाही. हा डिंक वाळला की पारदर्शक होतो. पाणी लागलं की पुन्हा पांढुरका आणि मऊ पडतो, पण खळीसारखा विरघळत नाही. कोमट पाणी किंवा कोमट व्हिनेगरचं फडकं ठेवून तो मऊ करायचा आणि पट्टीनं उचलायचा. केस वाळवायच्या यंत्राची गरम हवाही चालते.

चौथा रबरी. सनमायका बसवायचा तो पिवळसर डिंक, ज्याला सुतार नुसतं 'एसआर' म्हणतात, आणि जुन्या सेलोटेपचा चिकटा, हे दोन्ही ढोबळमानानं याच घरातले. याला पाणी दाखवून काहीच होत नाही. टर्पेंटाइन हवं, किंवा रंगाच्या दुकानात मिळणारं एमटीओ. पूर्वी रॉकेल वापरत, आता रेशनवरचं रॉकेल कुठं राहिलंय. टेपचं तर वयानुसार वेगळं असतं. ताजी असताना नुसती सोलून निघते. काही वर्षांनी तिचा डिंक तेलकट, ओशट होतो आणि लाकडात मुरायला लागतो. आणखी वर्षं गेली की तो वाळून तपकिरी, कडक होतो. वरचं प्लास्टिक आपोआप गळून पडतं आणि डाग राहतो. त्या शेवटच्या अवस्थेत कुठलंही द्रावण त्याला पूर्ण विरघळवत नाही. थोडा फुगवायचा आणि हातानं खरवडून काढायचा, एवढंच हाती असतं.

पाचवी जात आजच्या स्टिकरांची, बहुतेक अॅक्रिलिक डिंकाची. गरम हवेनं ते बरेचसे सुटतात. राहिलेला चिकटा खोबरेल तेलाच्या बोळ्यानं निघतो, पण फक्त पॉलिश शाबूत असलेल्या जागी. उघड्या लाकडात तेल मुरलं की काळसर डाग पडतो आणि तेलकट जागी नवं पॉलिश धरत नाही. दोन नळ्यांतलं मिसळून लावायचं इपॉक्सी असेल तर द्रावणाच्या मागे लागू नका, ते पटाशीचंच काम.

हे सगळं अर्धंच. दुसरा प्रश्न चिकट्याच्या खाली काय आहे याचा, आणि लोक फसतात ते इथं. जुन्या सागवानी, शिसवी फर्निचरला बहुधा चपड्याचं पॉलिश असतं. चपडा म्हणजे लाखेच्या किड्याच्या लाखेपासून केलेला पत्रीसारखा पदार्थ. तो स्पिरिटमध्ये विरघळवून कापडाच्या बोळ्यानं थरावर थर देतात, त्यालाच फ्रेंच पॉलिश म्हणतात. जो स्पिरिटमध्ये विरघळून आला तो स्पिरिट लागलं की पुन्हा विरघळणारच. तरीही स्टिकरचा डाग दिसला की माणसं आधी सॅनिटायझर किंवा नेलपॉलिश रिमूव्हर हातात घेतात. डाग निघतो, त्याबरोबर चकाकीही निघते आणि मधोमध पांढरट चट्टा उरतो.

मिरजेत हे सांगायला नको, कारण आमच्या गावात सतारी आणि तंबोरे बनतात. एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांपासून सुरू झालेलं हे काम सतारमेकर मंडळींनी पिढ्यान् पिढ्या चालवलं. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. त्या वाद्यांवरही चपड्याचं पॉलिश असतं. माझ्या ओळखीच्या एका गाणाऱ्या बाईंनी तंबोऱ्यावर चिकटलेली प्रवासातली सामानाची चिठ्ठी काढायला सॅनिटायझर फवारला होता. वाद्य दुरुस्तीला आलं तेव्हा भोपळ्यावर तळहाताएवढी जागा मेलेली दिसत होती. कारागीर त्यांना ओरडला नाही. "चिठ्ठी राहिली असती तरी आवाज बदलला नसता," एवढंच म्हणाला.

खाली कोणतं पॉलिश आहे हे ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. दाराच्या वरच्या कडेला, बिजागरीमागे, जिथं डोळा जात नाही तिथं कापसाच्या काडीनं स्पिरिटचा एक थेंब लावायचा. अर्ध्या मिनिटात जागा चिकट झाली तर चपडा आहे, स्पिरिट बाजूला ठेवा. स्पिरिटनं काही झालं नाही आणि थिनरच्या थेंबानं मऊ पडली तर लॅकर. दोन्हींनी हललं नाही तर बहुधा अलीकडचं कडक पॉलिश, तिथं जरा मोकळेपणानं काम करता येतं. थेंब लावायला मिनिट लागतं. हे मिनिट वाचवून माणसं कपाट घालवतात.

आमच्या कपाटाचं सांगते. बाहेरची बाजू रबरी डिंकाची. चाचांनी जुनं धोतर फाडून त्याचे चौकोन केले, एमटीओत भिजवले, दारावर बसवले आणि वरून प्लास्टिकची पिशवी पसरली, म्हणजे ते लगेच उडून जात नाही. खिडक्या सताड उघड्या, गॅस बंद, आणि अब्बांना सक्त ताकीद की इथं उदबत्ती नको. वीस मिनिटांनी चौकोन उचलायचा आणि जुन्या एटीएम कार्डानं, अगदी आडवं धरून, लाकडाच्या रेषांच्या दिशेनं ढकलायचं. पहिल्या फेरीत चिकटा नुसता मऊ झाला. तिसऱ्या फेरीत वळ्या होऊन सुटायला लागला. रेषांना आडवं घासलं तर ओरखडे पडतात आणि पॉलिश दिल्यावर तेच आधी दिसतात, म्हणून चाचा माझ्या मनगटाकडे लक्ष ठेवून बसायचे.

घाई मीही केली. एका संध्याकाळी चाचा गेल्यावर डाव्या दाराच्या खालच्या कोपऱ्यात पांढऱ्या डिंकाचे थेंब दिसले. व्हिनेगर लावलं, आणि लवकर उरकावं म्हणून भांडी घासायची लोखंडी तारेची घासणी घेतली. सकाळी बघते तर कोपऱ्यात काळानिळा डाग. लाकडात टॅनिन असतं. लोखंड आणि आंबट एकत्र आलं की त्याची शाई बनते. एकेकाळी लिहायची काळी शाई याच मेळातून करत. चाचांनी डाग बघितला, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "घासणी कुणी आणली?" मी गप्प. तो डाग अजून आहे, आधीपेक्षा फिका. व्हिनेगर वापराच, पण घासायला प्लास्टिकची पट्टी किंवा सुती फडकंच घ्या.

मग आतली बाजू. आतून पॉलिश नव्हतंच, उघडं लाकूड. पिळलेलं ओलं फडकं, वीस मिनिटं, कोपऱ्यापासून हळूच उचलणं. स्टिकर आणि टेप वरच्या कॅलेंडरसकट निघून आले. त्यांचा डिंक लाकडापर्यंत पोचलाच नव्हता, मध्ये वर्तमानपत्र होतं. पानाखाली पान सुटत गेलं आणि उजव्या दाराच्या मधल्या फळीवर पेन्सिलीची अक्षरं दिसली. आजोबांचं अक्षर. आजोबा मराठी शाळेत शिकलेले, त्यामुळे लिपी बाळबोध. पण महिने काही इंग्रजी, काही इस्लामी, जसे आठवले तसे. पाच जन्म, दोन मृत्यू, एका म्हशीची किंमत, कुणाला तरी दिलेल्या चार पायली ज्वारीचा हिशेब.

तिसऱ्या ओळीत अब्बांचा जन्म होता. सन १९५२, शबेबरातच्या दुसऱ्या दिवशी पहाटे. हिशेब मांडला तर तो मे महिन्याचा दुसरा आठवडा येतो. शाळेच्या दाखल्यावर अब्बांची जन्मतारीख आहे १ जून १९५१. या १ जूनबद्दल महाराष्ट्रात कुणाला वेगळं सांगायला नको. मास्तरांनी आपल्या आधीच्या दोन पिढ्यांना एकाच दिवशी जन्माला घातलंय. अब्बांच्या बाबतीत पहिलीत बसण्याइतकं वय भरावं म्हणून मास्तरांनी वर्षही पुढे-मागे केलं. अठ्ठावन्नाव्या वर्षी सरकारी नोकरीतून निवृत्त व्हायचं, म्हणजे मे २००९. खऱ्या तारखेनं ते मे २०१० झालं असतं. एका वर्षाचा पगार, आणि त्यावर ठरणारं पेन्शन.

अब्बा खुर्ची ओढून दारासमोर बसले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पेन्सिलीनं दारावर लिहिलेलं कुठल्या साहेबानं मानलं असतं?" खरं आहे, कुणी मानलं नसतं. पण मला आठवत होता तो २०१९-२० चा हिवाळा. घराघरांत ट्रंका उपसल्या जात होत्या. जन्माचा दाखला, जमिनीचा उतारा, आजोबांच्या नावाचं काहीतरी, सगळे शोधत होते. अब्बांनी हेच कपाट तीन वेळा रिकामं करून पुन्हा भरलं होतं. तेव्हा ज्या दारावर हात टेकून ते वाकून बघत होते, त्याच दारावर, कॅलेंडरच्या मागे, खळीच्या पातळ थराखाली ती ओळ होती.

पेन्सिलीचं शिसं म्हणजे कार्बन. ते पाण्यात विरघळत नाही, स्पिरिटमध्ये नाही, टर्पेंटाइनमध्ये नाही. म्हणून ओल्या फडक्यानं ओळी वाचल्या. दोन-तीन अक्षरं वर्तमानपत्राच्या पाठीवर उलटी उमटून निघून गेली, तो कागदही आम्ही वाळवून ठेवलाय. ती अक्षरं ज्यापुढे टिकली नसती ती एकच गोष्ट म्हणजे घासणं. सँडरचा पट्टा एकदा फिरला असता तर पाच जन्म आणि दोन मृत्यू भुसा होऊन ओट्यावर पडले असते, आणि आम्ही तो भुसा झाडून त्या पोराला पैसे दिले असते. काय गेलं हे कळलंही नसतं.

प्रत्येक दारामागे असं काही सापडेल असं मी म्हणत नाही. बहुतेक ठिकाणी चिकट्याखाली नुसतं लाकूडच असतं. पण सागाची ती जुनी फळीही पुन्हा मिळणारी नाही. सँडर दर वेळी लाकूड खातो. कडांची गोलाई जाते, नक्षी बोथट होते, आणि वर पातळ व्हिनियरचा पापुद्रा असेल तर तो फाटून खालचं हलकं लाकूड दिसायला लागतं. व्हिनियर आहे की अखंड फळी, हे दाराची कड बघून कळतं, पण मशीन हातात आलं की कड कोण बघतंय.

दुसरी गोष्ट धुळीची. ही मला जास्त महत्त्वाची वाटते, कारण ती त्या पोराच्या छातीत जाते. लाकडाचा भुसा श्वासातून गेल्यानं माणसाला कर्करोग होतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं १९९५ सालीच नोंदवलंय. जुन्या ऑइलपेंटची गोष्ट त्याहून वाईट. आपल्याकडे घरगुती रंगातल्या शिशाची मर्यादा दहा लाखांत ९० भाग अशी ठरली ती २०१६ च्या नियमांनी, आणि अंमल सुरू झाला नोव्हेंबर २०१७ पासून. त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं असं धरूनच चालायला हवं. तो रंग कोरडा घासला की शिशाची धूळ घरभर होते आणि रांगणारं मूल ती हातानं तोंडात घालतं. असा रंग ओला ठेवूनच काढावा, आणि मुलांना त्या दिवशी दुसरीकडे ठेवावं. आमच्याकडे आलेल्या पोराच्या तोंडाला रुमाल बांधलेला होता, मास्क नव्हता. त्याला मास्क घ्यायला लावणं हे आपलंही काम आहे. आपण दोन तासांत काम मागतो म्हणून तो मशीन आणतो.

याच पोराची बाजूही मांडायला हवी. अखंड फळीचं टेबल आहे, वर चार रंग आणि इपॉक्सीचे गठ्ठे आहेत, जपण्यासारखं खाली काही नाही, तिथं मास्क लावून, धूळ ओढणारा पाइप जोडून सँडर चालवावा. हातानं घासण्यात तिथं काही पुण्य नाही. माझा भाऊ मला विचारतो, एवढा वेळ कुणाकडे आहे? वेळ आमच्याकडेही नव्हता. अकरा संध्याकाळी गेल्या. साहित्याला सहाशे रुपयेही लागले नाहीत, चाचांना मात्र पाच दिवसांची पुरी मजुरी दिली, मशीनच्या भावाच्या दुपटीहून जास्त. तेवढी द्यायची तयारी नसेल तर हा कारागीर पुढच्या पिढीत सापडणार नाही. चाचांचा मुलगा मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसतो. बापाचं काम शिकून काय मिळणार, हा त्याचा प्रश्न चुकीचा नाही.

सनमायकावरही माझा राग नाही. १९८६ साली ज्यांनी तो लावला त्यांना घर स्वच्छ दिसायला हवं होतं. लाकूड काळवंडलं होतं, पॉलिशवाल्याला द्यायला पैसे नव्हते, आणि फडक्यानं पुसता येणारा गुळगुळीत पृष्ठभाग ही त्या काळी गरिबाच्या घरातली मोठी सोय होती. फुफी आजही म्हणते, "काय झळकत होतं कपाट!" तिच्या आठवणीत ते झळकत राहो. तेव्हा तो चिकटवण्यातही गैर काही नव्हतं. आता काढताना मात्र माहीत असून घाई केली तर तो दोष आपला.

नवा चिकटा आपण रोज तयार करतोय, त्याबद्दल थोडं बोलते. आमच्या मोहल्ल्यातल्या मशिदीचा दरवाजा सागवानी आहे, जाड, चौकटीला वेलबुट्टी कोरलेली. त्यावर आज 'मोबाइल बंद ठेवा'चे तीन स्टिकर आहेत, एका जलशाचं पत्रक आहे, रमजानच्या वेळापत्रकाचे दोन वर्षांचे अवशेष आहेत आणि चंद्रकोरीच्या आकाराची टेप आहे. मोबाइल कुणी बंद ठेवत नाही ते वेगळंच. घरांच्या दारांवर पल्स पोलिओच्या खुणा, निवडणुकीतल्या चिठ्ठ्या, गणपती मंडळाची आणि उरुसाची निमंत्रणं, सगळं त्याच टेपनं. एक फळा लावायला किती पैसे लागतात? दोन खिळे आणि प्लायवूडचा तुकडा. मी हे विश्वस्तांपैकी एकांना सांगितलं. ते म्हणाले, दरवाजाच जुना झालाय, पुढच्या वर्षी स्टीलचा करायचं चाललंय. मी म्हटलं, मग जुना दरवाजा आम्हाला द्या. ते हसले. मी हसले नव्हते.

दारावर काही लावायचंच असेल तर जाड टेपपेक्षा रंगकामातली कागदी टेप लावा, आणि तीही चार-आठ दिवसांत काढा. उन्हात राहिली तर तीही चिकटते. घरात रेहल असेल, कुराण ठेवायची लाकडी घडी, तर तिच्यावर नावाची चिठ्ठी डकवू नका, आतल्या बाजूला पेन्सिलीनं लिहा. आमच्याकडच्या रेहलवर दुकानाच्या किमतीचा स्टिकर वीस वर्षं होता. तो काढायच्या नादात कुणीतरी चाकू वापरला, आणि जाळीच्या नक्षीतली एक पाकळी गेली.

व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या युक्त्यांबद्दल विचारलं जाईल म्हणून सांगते. मेयोनेज चालतं, कारण त्यात तेल आहे. पण मग तेलच लावा, अंडं कशाला. टूथपेस्ट ही बारीक घासणीच असते, पॉलिशवर नको. पेट्रोलनं चिकटा निघतो, पण बंद खोलीत पेट्रोल उघडणाऱ्या माणसाला कपाटापेक्षा मोठी काळजी करायला हवी. थिनर अनेक पॉलिशांना सोलून काढतो आणि डोकं गरगरवतो, म्हणून तो थेंबापुरताच. गरम इस्त्री कागदावर ठेवून खळीचा कागद सोडवतात, पण चपड्याच्या पॉलिशवर त्याच इस्त्रीनं पांढरा चट्टा येतो. काही वापरलं तरी शेवटी कोरड्या सुती फडक्यानं पुसायचं आणि दिवसभर वाळू द्यायचं, त्याआधी पॉलिशचा विचारही करायचा नाही.

बाहेरून कपाटाला चाचांनी चपड्याचे हात दिले. आतली बाजू तशीच कोरी ठेवली, कारण बोळा ओढला तर पेन्सिल पुसली जाईल. ओळींवर काच लावावी असं भाऊ म्हणतो. मला ते नको आहे, काच बसवायला चौकट लागेल आणि चौकट बसवायला पुन्हा डिंक किंवा खिळे. फोटो काढून सगळ्या चुलत भावंडांना पाठवलेत. फुफीनं तिची तारीख बघून फोन केला आणि पहिलं वाक्य बोलली, "म्हणजे मी दोन वर्षांनी लहान आहे!"

डाव्या दाराच्या बिजागरीपाशी अजून बोटभर तपकिरी पट्टी आहे. तिथं कार्ड घालायला जागा नाही आणि एमटीओच्या चार फेऱ्यांनी ती हलली नाही. अब्बा म्हणतात, राहू दे, कुणाला दिसतेय. चाचांचं म्हणणं वेगळं आहे. बकरी ईद झाली की सवडीनं येतो, दार उतरवू, आडवं ठेवू, मग बघू.